दोनशे मीटर काळी केबल

माझ्या सहीलाही किंमत असते, हे मला कळलं ते १९८८ सालच्या मार्च महिन्यात. तोवर माझी सही कुणाला लागली नव्हती. टाचण्यांची डबी, कार्बन पेपर, शिपायांच्या छत्र्या यांच्या पावत्यांवर ती मुकाट पडायची.

मी पुंजाराम शेजवळ, विद्यापीठाचा भांडारपाल. पत्र्याची एक खोली, चार लोखंडी कपाटं, एक लाकडी मीटरपट्टी आणि भरपूर उंदीर, एवढं माझं राज्य. राखीव जागेवर लागलो होतो. हे मी सांगायची गरज नव्हती, मी लागलो त्या दिवशी आख्ख्या कार्यालयाला ते माहीत होतं. दोन वर्षं परिवीक्षेवर होतो आणि ती एकतीस मार्चला संपत होती. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे वेणीमाधव गर्गे यांच्या गोपनीय अहवालावर होतं. गर्गे म्हणजे खरेदी विभागाचे उपकुलसचिव. मऊ बोलायचे. मऊ बोलणाऱ्या साहेबाची मला ओरडणाऱ्यापेक्षा जास्त भीती वाटते.

विद्यापीठ नवं होतं. सातपूरच्या पलीकडे बंद पडलेल्या एका कारखान्याच्या दोन इमारती भाड्याने घेऊन चाललेलं. एका इमारतीत संगणक केंद्र, दुसरीत परीक्षा विभाग, आणि मधे एकशे सत्तर मीटर ऊन. विद्यार्थ्यांचे गुण संगणकावर चढायचे इकडे आणि गुणपत्रिका निघायच्या तिकडे. मधली ने-आण काळू भोये करायचा, सायकलवर. काळू सुरगाण्याचा, पन्नाशीचा शिपाई. पिशवीत फ्लॉप्या घालायचा आणि न्यायचा.

आदल्या उन्हाळ्यात असाच तो निघाला असताना त्याला वाटेत थांबवून गर्ग्यांच्या घरचं गॅस सिलिंडर आणायला पिटाळलं. तो सायकल तिथेच ठेवून गेला. पिशवी दोन तास मे महिन्याच्या उन्हात कॅरिअरवर. फ्लॉप्या पापडासारख्या वाकल्या. तीनशे चाळीस पोरांचे गुण गेले, ते पुन्हा चढवेपर्यंत जुलै उलटला. त्यातली एक काळूची पुतणी. चांगली पास झालेली पोरगी, पण वेळेत गुणपत्रिका नाही म्हणून शिक्षिकेच्या कोर्सला प्रवेश नाही. त्या वर्षी ती बापाबरोबर पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागेत मजुरीला आली. खुलासा मात्र काळूकडून मागितला. सिलिंडरचा उल्लेख खुलाशात करायचा नाही, असं त्याला बजावलं होतं.

या सगळ्यावर उपाय काढला श्यामला गायधनी मॅडमनी. संगणक केंद्राच्या प्रमुख. दोन्ही इमारतींतले संगणक एका केबलने जोडायचे, म्हणजे गुण इकडे चढले की तिकडे दिसतील. त्यासाठी प्रत्येक संगणकाच्या पोटात एक कार्ड बसवावं लागतं. अशी सहा कार्डं सिंगापूरहून आणायला मॅडमना चौदा महिने लागले. आधी दिल्लीला पत्रं, मग ही वस्तू देशात बनत नाही असा दाखला, मग आयात परवाना, मग बँक, मग मुंबईच्या विमानतळावर कस्टम. कस्टमच्या बाकावर बाई तीन दिवस बसून होत्या. शेवटी कार्डं आली ती एका चपलांच्या खोक्यात मावतील एवढी. आता फक्त केबल घ्यायची राहिली होती आणि केबल देशात मिळत होती. सोपं काम. सोप्या कामातच आपली माणसं दात दाखवतात.

केबलचा नमुना मॅडमनी डिसेंबरातच बंगळूरहून मागवला होता. वीतभर तुकडा, काळा, त्याच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत ५० ओहम छापलेलं. आमच्याकडे रिवाज असा: मंजूर झालेला नमुना पाकिटात घालायचा, त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, खरेदी समितीच्या लोकांनी चिठ्ठीवर सह्या करायच्या, गाठीवर लाख ओतायची आणि ते पाकीट भांडारपालाच्या कपाटात कुलपात ठेवायचं. माल आला की भांडारपालाने नमुना काढून माल ताडून पाहायचा. मग लिहून द्यायचं, ‘माल तपासून, मोजून व मंजूर नमुन्याप्रमाणे मिळाला.’ त्याखाली सही. त्या सहीशिवाय दमडी सुटत नाही.

ओहम म्हणजे काय ते मला तेव्हा कळत नव्हतं, आजही पुरतं कळत नाही. मॅडमनी सांगितलं ते एवढंच की कार्ड आणि केबल एकमेकांच्या मापाची लागतात. माप चुकलं की लांब पाठवलेला निरोप टोकाला आपटून मागे येतो आणि मागून येणाऱ्या निरोपात मिसळतो. विहिरीत ओरडल्यासारखं होतं, आवाज घुमतो आणि शब्द कळत नाही.

फेब्रुवारीत मॅडम मुंबईला कस्टमच्या बाकावर बसल्या असताना गर्ग्यांनी केबलची निविदा काढली. त्याआधीच्या वर्षी एका यंत्राच्या निविदेत कंपनीचं नाव घातलं म्हणून ऑडिटने त्यांना झापलं होतं. तेव्हापासून साहेबांचा लाल पेन्सिलीवर फार जीव. मागणीपत्रात एखादा आकडा, एखादं इंग्रजी अक्षर दिसलं की ते कुठल्या तरी कंपनीचं मॉडेल असणार असं धरून ते खोडायचे. ५० ओहम त्यांनी खोडलं. कुणाला विचारलं नाही. निविदेत राहिलं ते एवढंच: काळी केबल, सहाशे मीटर, मंजूर नमुन्याप्रमाणे. तीन दरपत्रकं आली. त्यात सर्वांत कमी दर रंगनाथशेठचा. मेनरोडच्या मागच्या बोळात त्याचं दुकान होतं, टीव्हीच्या अँटेनांचं.

माल चोवीस मार्चला आला. दोनशे मीटरचे तीन ड्रम. मी पहिल्या ड्रमचं टोक हातात घेतलं आणि हाताला ते ओळखीचं लागलं. पंचवटीच्या वरच्या अंगाला आमची वसाहत आहे. तिथे आम्ही वर्गणी काढून विहारात एक टीव्ही घेतला होता आणि त्याचा अँटेना मीच छपरावर चढून बसवला होता. ती केबल हीच. बोटात धरली की तीच जाडी, सोललं की मधे तशीच एक सबंध तार. सीलबंद पाकिटावर बोट फिरवून पाहिलं, आतला तुकडा बारीक लागत होता. डिसेंबरात सील करताना त्याच्या टोकाला बारीक तारांचा पीळ मी स्वतः पाहिला होता. ड्रमवर तर पांढरं अक्षर एकही नाही.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी टोक पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, ही पंचाहत्तर ओहमची आहे. मग उठल्या आणि तडक गर्ग्यांकडे गेल्या, मागे मी.

गर्ग्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, लावून तर पाहा. त्यांच्याच केबिनमध्ये दोन संगणक टेबलावर मांडले. दहा फूट केबल कापली, मॅडमनी टोकं कशीबशी जोडली, आणि ते चाललं. या पडद्यावर टाइप केलेलं त्या पडद्यावर उमटलं. गर्गे माझ्याकडे पाहून हसले. मॅडम सांगत राहिल्या की दहा फुटांवर काहीही चालेल, एकशे सत्तर मीटरवर चालणार नाही. गर्ग्यांनी हात जोडले. एकतीस तारखेला अनुदानाची मुदत संपते, बिल त्याआधी गेलं नाही तर पैसे परत जातील आणि तुमची सिंगापूरची कार्डं खोक्यात पडून राहतील, असं ते म्हणाले. तांत्रिक चर्चा एप्रिलमध्ये करू.

मॅडम गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. ड्रॉवरमधून एक नवं पाकीट काढलं. आत रंगनाथशेठच्या केबलचा तुकडा. नवी चिठ्ठी, तिच्यावर डिसेंबरची तारीख, गर्ग्यांची सही आणि समितीच्या आणखी दोघांची. शेजारी लाखेची कांडी आणि मेणबत्ती.

“जुनं पाकीट मला आणून द्या आणि हे कपाटात ठेवा. म्हणजे माल नमुन्याप्रमाणे आहे असं लिहिताना तुम्हालाही खोटं लिहिल्यासारखं वाटणार नाही.”

मी म्हटलं, “साहेब, हे खोटंच आहे.”

“शेजवळ, तुम्हा लोकांना सरकारने संधी दिली आहे. ती जपायची असते. तुमचा अहवाल माझ्या टेबलावर आहे, मला चांगला लिहायचा आहे.”

तुम्हा लोकांना. दोन वर्षांत ते हे पहिल्यांदा तोंडाने बोलले. म्हणजे दोन वर्षं ते मनात धरून होते.

केबिनमधून बाहेर आलो तेव्हा हिशेब माझ्या डोक्यात लख्ख होता. केबल चालणार नाही. जूनमध्ये निकाल अडतील. मग चौकशी बसेल. चौकशीत विचारतील, माल कुणी तपासला? कागदावर नाव माझं. मग म्हणतील, राखीव जागेवरचा आहे, त्याला काय कळतंय ओहम न् फोहम. गर्ग्यांची लाल पेन्सिल कुणाला दिसणार नाही. दहा मोठ्या सह्या वाचवायला एक बारकी सही हवी होती, आणि माझी त्यासाठी बरोब्बर मापाची होती.

घरी लताबाईला सगळं सांगितलं. माझी बायको, महापालिकेच्या शाळेत शिकवते. कायम झालो असतो तर विद्यापीठाचं क्वार्टर मिळणार होतं, दोन खोल्या आणि घरात नळ. तिने त्या खोल्यांचे पडदेसुद्धा शिवून ठेवले होते. मला वाटलं ती म्हणेल, करा सही, मरू दे. किंवा म्हणेल, नका करू. ती भाकरी थापत म्हणाली, “करा नाहीतर नका करू. पण केलीत तर नंतर कूस बदलत बसू नका. मला सकाळी सातची शाळा असते.”

पंचवीसपासून रोज गर्ग्यांचं बोलावणं. रोज चहा. रोज तेच पाकीट. अठ्ठावीसला माझ्याच टेबलावर माझ्या जागेसाठी आलेले अर्ज कुणीतरी चुकून ठेवून गेलं. चुकून.

माझा सगळा भरवसा मॅडमवर होता. बाईने चौदा महिने रक्त आटवलंय, बाई हलणार नाही, असं मी धरून चाललो होतो. तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता त्या भांडारात आल्या. ते नवं पाकीट त्यांच्या हातात होतं. चिठ्ठीवर चौथी सही त्यांची होती.

 त्या भरभर बोलत होत्या. पैसे परत गेले तर पुढची दोन वर्षं काही मिळणार नाही, हे गर्ग्यांनी लेखी दाखवलं होतं. आत्ता सही करू, एप्रिलमध्ये किरकोळ खर्चातून खरी केबल मागवू, ही गुपचूप बदलून टाकू, कुणाला कळणारही नाही. त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं. ते मला दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त चीड आली.

“मॅडम, एप्रिलमध्ये केबल नाही आली तर? चौकशीत काय विचारतील, सही कुणाची होती, की पाकीट कुणाच्या कपाटात होतं?”

त्यांनी पाकिटाची सहीची बाजू तळहाताकडे वळवली.

“तुमच्या सहीला तांत्रिक मतभेद म्हणतील. माझ्या सहीला चोरी म्हणतील.”

त्या पाकीट टेबलावर न ठेवता परत घेऊन गेल्या. दार लावून मी कितीतरी वेळ त्या ड्रमांकडे बघत बसलो. भिंतीला मीटरपट्टी टेकून उभी होती. ‘माल तपासून, मोजून.’ तपासून हे माझं काम नव्हे असं गर्गे म्हणू शकत होते, मी इंजिनिअर नाही. पण मोजून? मोजणं माझंच काम. सहाशे मीटर केबल मोजायची तर ती सोडवून लांब पसरावी लागते, आणि तेवढी लांब जागा आवारात एकच होती.

एकतीस तारखेला सकाळी साडेदहाला मी आणि काळूने एक ड्रम ढकलत आवारात आणला. टोक संगणक केंद्राच्या खिडकीशी बांधलं आणि ड्रम परीक्षा विभागाकडे फिरवत निघालो. काळू ड्रम फिरवायचा, मी वाकून मीटरपट्टी टाकायचो आणि मोठ्याने आकडा म्हणायचो. मोठ्याने म्हणायचा नियम नाही. तो मी त्या दिवशी केला.

पन्नासच्या पुढे गेलो तेव्हा गर्ग्यांचा शिपाई आला, साहेबांनी बोलावलंय. म्हटलं, मोजतोय, अर्धवट सोडून आलो तर आकडा चुकेल. ऐंशीला तो पुन्हा आला. शंभराला गर्गे स्वतः आले. ऊन चढलं होतं आणि त्यांच्या डोक्यावर छत्री होती, माझ्याच भांडारातली.

“हे काय चाललंय?” आवाज अजून मऊच होता.

“मोजून घेतल्याशिवाय मोजून मिळाला असं कसं लिहू, साहेब? एकशे तीन.”

“ड्रमवर लांबी छापलेली आहे.”

“छापलेल्यावर भागत असतं तर भांडारपाल कशाला ठेवला असता? एकशे चार.”

दोन्ही इमारतींच्या खिडक्यांत माणसं जमली होती.  एकशे वीसला मीटरपट्टी हातातून निसटली, काळूने ती उचलून दिली आणि हळूच म्हणाला, “भाऊ, थांबू नका आता.” तेवढ्यात फाटकातून कुलसचिवांची गाडी आली. केबल रस्त्यावर आडवी होती, गाडी थांबली. कुलसचिव म्हणजे गर्ग्यांचे वरिष्ठ. ते खाली उतरले आणि काय चाललंय असं त्यांनी विचारलं. नेहमीची मोजणी आहे सर, असं गर्गे म्हणाले. मी कंबर सरळ केली. आता नाही तर कधीच नाही.

“सर, थोडीच राहिलीय. टोक परीक्षा विभागात पोचलं की मॅडमनी दोन्ही संगणक जोडून दाखवावेत. चाललं तर इथेच, तुमच्या गाडीच्या टपावर कागद ठेवून सही करतो. बिल आजच जाईल.”

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. गर्ग्यांनी शोधलं, त्यांना सापडलं नाही. कुलसचिव म्हणाले, बोलवा मॅडमना.

श्यामला मॅडम जिन्याच्या पायरीवर उभ्याच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गर्ग्यांकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांना शंभर कारणं होती, जोडणीचं सामान नाही, वीज नाही, वेळ नाही. त्या खाली उतरल्या आणि अवजारांची पेटी मागवली.

अर्धा तास लागला. एका टोकाला मॅडम. दुसऱ्या टोकाला परीक्षा विभागाच्या पडद्यासमोर कुलसचिव, गर्गे, मी आणि दारात काळू. मॅडमच्या टोकाकडून एका विद्यार्थ्याचे गुण पाठवायचे होते. पाठवले, असा निरोप आला. पडदा काळाच. पुन्हा पाठवले. वर नुसती रेघ लुकलुकत राहिली. तिसऱ्यांदा काही अक्षरं उमटली, अर्धं नाव, आणि पडदा तिथेच थिजला. 

काळू दारातून म्हणाला, “एवढ्यात माझी सायकल चार वेळा आली-गेली असती, सायेब.”

कुणी हसलं नाही. गर्ग्यांचा चेहरा पहिल्यांदा मऊ राहिला नाही. माल मंजूर नमुन्याप्रमाणेच आहे, नमुनाच चुकीचा निवडला असेल तर तो दोष तांत्रिक विभागाचा, असं ते कुलसचिवांना सांगू लागले. मी शर्टाच्या आतून जुनं पाकीट काढलं. सकाळपासून ते पोटाशी होतं, लाख घामाने चिकट झाली होती. कुलसचिवांच्या हातात दिलं. त्यांनी सील फोडलं, तुकडा बाहेर काढला, चष्मा कपाळावर नेऊन पांढरी अक्षरं वाचली. मग चिठ्ठीवरच्या सह्या वाचल्या. पहिलीच सही गर्ग्यांची.

तोवर मॅडम येऊन पोचल्या होत्या. धापा टाकत होत्या. कुणी विचारलं नसताना म्हणाल्या, “सर, गेल्या आठवड्यात आणखी एक नमुना बनवला आहे. मागच्या तारखेचा. त्याच्यावर माझी सही आहे. ती मी करायला नको होती.”

ड्रमवर उरलेली केबलही मोजली आणि मी प्रमाणपत्रावर लिहिलं: माल मोजला, पहिला ड्रम दोनशे मीटर भरला, माल मंजूर नमुन्याप्रमाणे नाही. खाली पूर्ण नाव घालून सही केली. अक्षर वाकडं आलं. तसंच ठेवलं.

अनुदानाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. कुलसचिवांनी वर एक पत्र टाकलं, तीन महिन्यांची मुदत वाढवून मिळाली. ज्या तारखेसाठी आठवडाभर माझा गळा धरला होता, ती एका पत्राने सरकली. ते पत्र लिहायला गर्ग्यांना सुचलं नाही असं नाही. लिहायचं नव्हतं.

मॅडमना लेखी ताकीद मिळाली. गर्ग्यांना काही नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझं पत्र आलं. वरिष्ठांच्या सूचनांचे पालन करण्यात कुचराई दिसून आल्याने परिवीक्षा कालावधी एक वर्षाने वाढवण्यात येत आहे. सही वेणीमाधव गर्गे. घरी आलो, लताबाईने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली. मग शिवलेले पडदे ट्रंकेतून काढले आणि आमच्या पत्र्याच्या खोलीच्या खिडकीला लावले. बरेच लांब होत होते. तिने कात्री घेतली.

जूनच्या मध्यावर बंगळूरची केबल आली, पांढऱ्या अक्षरांची. त्या दिवशी गर्ग्यांनी फोन करून सांगितलं की या वेळी मॅडमनी तुकडा तपासला आहे, मोजायची गरज नाही, ड्रम थेट पाठवून द्या. मी बरं साहेब म्हटलं आणि फोन ठेवला. मीटरपट्टी घेतली. काळूने ड्रम बाहेर काढला. आवारात जाऊन पाहतो तर श्यामला मॅडम संगणक केंद्राच्या खिडकीखाली उभ्या होत्या, टोक धरायला. आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोलत नव्हतो तेव्हा. त्यांनी टोक घट्ट धरलं. वरच्या खिडकीत गर्गे उभे होते.

मी वाकलो, पट्टी टाकली आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, “एक.”